हौसाक्काचा नारळ

“किती आत घालतात गं ती काडी?” मामींनी पुन्हा विचारलं.

“बोटाएवढी.”

“करंगळीएवढी का मधल्या बोटाएवढी?”

“मामी, मला चहा तरी पिऊ द्या की!”

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई साळुंखे. अख्खी ढोलेवाडी त्यांना हौसाक्का म्हणते. कोरोनाचं ते पहिलं वर्ष होतं आणि मी गावची आशा होते. म्हणजे सरकारी दवाखाना आणि गाव यांच्या मधोमध पळायचं, आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. नवरा पुण्यात कंपनीत अडकलेला. घरात आम्ही दोघीच, एकमेकींच्या तोंडाला तोंड देत बसलेलो.

गावात काही जण आजारी निघाले आणि वेशीवर बांबू आडवे बांधले गेले. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. दूध सुद्धा बांबूखालून सरकवायचं. आणि नेमकी माझी नणंद, स्नेहल, ओढ्यापलीकडच्या साकुर्डीत नववा महिना घेऊन बसलेली. तिची सासू लग्नाआधीच वारलेली. घरात नवरा, सासरा आणि दोन म्हशी. बाईमाणूस कुणी नाही. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. पण माहेराला बांबू लावलेले.

रोज संध्याकाळी फोन यायचा. “आई, कधी नेणार गं मला?” मामी म्हणायच्या, “आज-उद्या बघ, बाळा.” फोन ठेवला की स्वयंपाकघरात बसून गपचूप डोळे पुसायच्या. मी बघितलं की म्हणायच्या, “धूर झालाय.” आमच्याकडं गॅस आहे.

त्यातच तालुक्याहून डॉक्टर मेश्राम आले. नागपूरकडचा पोरगा, नुकताच नोकरीला लागलेला, अंगात तो पांढरा बुजगावण्यासारखा पोशाख. आमच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं शाळा. त्या शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी टेबल-खुर्ची मांडली आणि मला सांगितलं, “ताई, सोपं आहे. कोणाला आहे हेच माहीत नाही म्हणून सगळ्यांना कोंडलं आहे. सगळ्यांची तपासणी करू. ज्यांना आहे तेवढीच घरं बंद राहतील, बाकी गाव मोकळं. तहसीलदारसाहेबांनी शब्द दिलाय. पण गाव तपासून घेतच नसेल, तर बांबू काही निघत नाहीत.”

मी घरोघरी फिरले. घसा बसला माझा. पहिल्या दिवशी व्हरांड्यात कोण आलं? एक कुत्रं आलं आणि डॉक्टरांच्या खुर्चीखाली झोपलं.

कारणं तर अशी एकेक! काडी मेंदूला लागते. पॉझिटिव्ह निघाला की गाडी येते आणि माणूस परत येत नाही. थोरातांचे अण्णा म्हणाले, “आधी जगदाळ्यांना तपासा. गावातला सगळा रोग तिथनंच निघतो.” जगदाळ्यांचे आबा म्हणाले, “मला काय धाड भरलीया? थोरातांच्यात बघा, खोकत असतात रात्रभर.” दोघांची घरं एकमेकांना लागून. कोण खोकतंय ते दोघांनाही चांगलं ठाऊक.

रात्री जेवताना मी मामींना म्हटलं, “उद्याचा एकच दिवस डॉक्टर बसणार आहेत. कुणी आलं नाही तर गाशा गुंडाळून जाणार.”

मामींचा घास हातातच राहिला. “मग स्नेहल?”

त्या ताटाकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, “पट्टीवर एक रेघ आली तर न्हाई, दोन आल्या तर हाय. असंच ना?”

“असंच.”

“बरं,” म्हणाल्या आणि ताटात हात धुतला.

सकाळी उठून बघते तर मामींनी न्हाऊन, जत्रेचं हिरवं लुगडं नेसून, कुंकू लावून, वर तोंडाला मास्क बांधलेला! मी विचारलं तर म्हणाल्या, “खुर्चीत पहिली मी बसणार.” आणि पदराखाली काहीतरी धरून तरातरा रस्ता ओलांडून गेल्या. मी माझा अ‍ॅप्रन चढवून मागं धावले, तोवर त्यांचं डॉक्टरांशी दुरूनच काहीतरी बोलणंही उरकलं होतं.

गाव बघत होतं बरं का. यायला नको होतं कुणाला, पण बघायला सगळे. गच्च्यांवर, कट्ट्यांवर, पिंपळाच्या पारावर, अगदी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर. मामी खुर्चीत बसल्या, मान मागं केली. डॉक्टरांनी काडी घातली. मामींनी अशी काही शिंक दिली की खुर्चीखालचं कुत्रं पळालं.

“झालं?” मामी डोळे पुसत म्हणाल्या. “एवढ्यासाठी मेलं गाव घाबरलंय? नथ घालताना यापेक्षा जास्त दुखतं!”

मग डॉक्टरांनी टेबलाखालून नारळ काढला. सोललेला, शेंडी ठेवलेला, हळदकुंकू लावलेला. दोन्ही हातांनी मामींना दिला आणि भाषण केल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, “गावातला पहिला नारळ, हौसाबाई साळुंखे यांना!” मामींनी तो कपाळाला लावला आणि सगळ्या गच्च्यांना दिसेल असा वर धरला.

मी डॉक्टरांना म्हटलं, “अहो, काय केलंत हे!”

“का बाप्पा? काय झालं?”

काय झालं ते या नागपूरच्या माणसाला कसं सांगू? आमच्या भैरोबाच्या जत्रेत पहिला नारळ जगदाळ्यांचा. दुसरा थोरातांचा. त्यानंतर गुरव, मग सुतार, मग माने, असं करत करत अख्खं गाव. थोरात म्हणतात पहिला मान मुळात त्यांचा होता, जगदाळ्यांनी आजोबांच्या काळात लाटला. या एका नारळावरून आमच्यात लग्नं मोडली आहेत, डोकी फुटली आहेत, एकदा पोलीस गाडीही येऊन गेली आहे. आणि आम्हा साळुंख्यांचा मान? आम्ही शेवटून मोजलेलं सोपं! त्यात यंदा जत्राच झाली नव्हती. साऱ्या गावाचे मान तसेच तुंबून राहिलेले.

पाच मिनिटं गेली नसतील. जगदाळ्यांचे आबा आले. पटका बांधून आले, मास्क हनुवटीवर.

“कुणाला विचारून दिला नारळ?” आबांनी काठी आपटली. “गावचा पहिला नारळ साळुंख्यांच्या बाईला? आम्ही मेलो का?”

मागून थोरातांचे अण्णा. “आबा, तुमचा कसला पहिला? पहिला आमचा!”

“जत्रेत या, दाखवतो कुणाचा ते!”

“जत्रा हाय कुठं? हिथंच दाखवा की!”

डॉक्टर बिचारे एकदा याच्याकडं बघतायत, एकदा त्याच्याकडं. “ताई, हे भांडतायत कशासाठी?” मला हळूच म्हणाले. मामी मात्र खुर्चीतून उठून बाजूला उभ्या, नारळ छातीशी धरून, अगदी देवीसारख्या शांत.

आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी सून आहे त्यांची, भाकरी करपायच्या आधी त्यांची नजर ओळखते मी. माझं डोकं लख्ख झालं.

“आबा,” मी घसा होता नव्हता तेवढा लावून ओरडले, “नारळ असाच मिळत नाही. खुर्चीत बसेल त्याला मिळतो. मामी बसल्या, त्यांना मिळाला. आता तुम्हाला नको असेल तर पुढचा अण्णांचा.”

“बसतो की मी!” अण्णा पुढं झाले.

“अरे थांब!” आबांनी काठी आडवी घातली. “बाईमाणसाचा एक सोडला, देवीचा म्हणून. पण आता माझ्या आधी कोण बसतंय तेच बघतो!”

आणि बसले! दणकन बसले. मान मागं, डोळे मिटलेले, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांना घट्ट. काडी आत गेली आणि एवढा थोरला गडी “आई गंऽऽ” करून किंचाळला. अण्णा इतके हसले की त्यांचा मास्क निसटला. मग त्यांची पाळी आली. त्यांनी किंचाळायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाय झाडले ते झाडलेच. आता आबा हसले.

पुढं काय विचारता! गुरव आले, कारण सुतार आला तर त्यांचा मान जाणार. सुतार आले, कारण माने निघाले होते. मानकऱ्यांमागं त्यांच्या बायका, पोरं, सुना. कुणी कुणाच्या आधी जायचं यावर वाद, आणि वाद झाला की लांब उभे राहून, कारण मी खडूनं गोल आखले होते. “ए, मागं सरक, तो गोल आमच्या भावकीचा हाय!” एवढ्या नारळांची सोय कुठून करणार? मी दुकानदाराला आवाज दिला, तर तो म्हणाला, नारळ संपले, खोबऱ्याच्या वाट्या चालतील का? चालल्या. मान तो मान.

मधेच मी डॉक्टरांना विचारलं, “तो पहिला नारळ तुम्ही आणलात?”

“मी? नाही बाप्पा. तुमच्या सासूबाईंनी सकाळी आणून टेबलाखाली ठेवला. म्हणाल्या, आमच्या गावात पहिल्या माणसाला नारळ देतात, नाव घेऊन मोठ्यानं द्या, नाहीतर वाईट दिसतं.”

मी वळून बघितलं. मामी व्हरांड्याच्या खांबाला टेकून रांग मोजल्यासारख्या बघत होत्या. अशी आत एक, बाहेर एक बाई! मला एवढं हसू आलं की मी अ‍ॅप्रनमध्ये तोंड घातलं.

ते हसू तिथंच राहिलं. कारण डॉक्टरांनी माझ्यापुढं पहिली पट्टी सरकवली. वर मामींचं नाव होतं. दोन रेघा.

रांग तर अर्धीही सरली नव्हती. आता कुणी हे ऐकलं असतं तर आबांपासून पोरांपर्यंत सगळे शेतातून पळाले असते. मी मामींकडं गेले, चार हात लांब उभी राहिले.

“एक का दोन?” त्यांनीच विचारलं.

मी मान खाली घातली.

“दोन?”

“दोन.”

त्यांनी रांगेकडं बघितलं. मग वेशीच्या दिशेनं बघितलं. क्षणभर त्यांचे ओठ हलले, भैरोबाचं नाव घेतलं असावं. मग म्हणाल्या, “मला न्हाई ताप, न्हाई खोकला. पण असू दे. रडू नकोस बये, रांग मोडंल. चौथीचा वर्ग उघडा हाय ना?”

“आहे.”

“मी तिथं बसते. कुणी विचारलं तर सांग, हौसाक्का दमली, जरा पडलीया.”

आणि एकट्या चालत गेल्या. वर्गाचं दार आतून लावून घेतलं. मग जरा वेळानं रस्त्याकडच्या खिडकीत त्यांचा चेहरा दिसला आणि आवाज सुरू झाला, “ए मान्या, मास्क नाकावर घे! नाक काय शोभेला दिलंय का देवानं? ए सुताराच्या सुनेला पुढं घ्या रे, तिचं पोर रडतंय!” रांग हसत होती. मी रेघा लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं सगळं पुसट झालेलं. कुणी विचारलं तर मी काय सांगितलं असेल? धूर झालाय.

माझी एकच रेघ आली. दिवस कलता कलता गाव तपासून झालं. मामी धरून तीन घरं निघाली. एवढं मोठं गाव, आणि तीन घरं! डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला, मग माझ्याकडं आले तर पोराचे डोळे चमकत होते. “ताई, सकाळी बांबू निघतात. ती तीन घरं सोडून गाव मोकळं!”

टाळ्याच वाजल्या. पारावर कुणीतरी ताशा काढला. मी मात्र ‘ती तीन घरं’ यावर अडकले होते.

“डॉक्टर, म्हणजे आमचं घर…”

त्यांचा चेहरा उतरला. “हो ना. आजी शाळेत राहतील, तब्येत चांगली आहे, काळजी नाही. पण तुम्ही त्यांच्यासोबत राहत होत्या. तुम्हालाही घरातच राहावं लागेल. आणि त्या घरात बाहेरचं कोणी येऊ शकत नाही. गरोदर बाई तर मुळीच नाही.”

मी घरात गेले, उंबऱ्यात बसले आणि रस्त्यापलीकडच्या खिडकीला ते सांगितलं. सांगणं भाग होतं. मामी सगळं ऐकून गजांना धरून उभ्या राहिल्या.

“म्हणजे गाव उघडलं,” त्या म्हणाल्या, “आणि माझंच दार बंद.”

मग त्या रडल्या. धूर वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मोठ्यानं रडल्या. मी इकडं, त्या तिकडं, मध्ये रस्ता, आणि उठून जवळही जाता येईना. आजही तो रस्ता ओलांडताना मला ते आठवतं आणि राग येतो, कुणाचा ते माहीत नाही.

गावात बातमी लपते थोडीच. सकाळी बांबू काढायला माणसं आली, त्यांच्याआधी आबा शाळेसमोर येऊन उभे. पटका बांधलेला, आणि मास्क या वेळी नाकावर.

“हौसाक्का,” ते खाकरून म्हणाले, “काल तुला कळलं होतं, आणि तू गप बसलीस?”

“सांगितलं असतं तर तुमी बसला असता व्हय खुर्चीत?”

“पळालो असतो,” आबा म्हणाले. “खरं सांगतो. चप्पल सुद्धा घातली नसती.” मग जरा थांबून, “आणि नारळ तुझ्याच घरचा होता म्हणं?”

मला वाटलं, आता आबा काठी आपटतात. पण आबांचे खांदे हलायला लागले. हसत होते म्हातारबुवा. “आयला! उभ्या गावाला गंडवलंस की गं!” मग एकदम काठी टेकवून म्हणाले, “ते असू दे. तुझी लेक माझ्या घरी येईल. आमच्यात चौघी बाया हायत, चौघींची एकेक रेघ. बाळंतपण आमच्यात.”

तोवर मागून आवाज आला.

“का? तुमच्यात का?” थोरातांचे अण्णा! “पोरगी आमच्यात येणार. आमच्याकडं खाली खोली हाय, आत संडास हाय, कमोडवाला! तुमच्यात माडीवर चढवणार का अवघडलेल्या पोरीला?”

“आमच्यात दुभती गाय हाय! घरचं दूध!”

“दूध काय, आणून देतो! चुलत्यांकडनं आणतो!”

“अण्णा, पहिला मान—”

“परत तुमचा पहिला! काल खुर्चीत माझ्याआधी बसलात ना? मग आज माझा!”

मी उंबऱ्यात उभी राहून तोंडावर पदर धरला होता. हसू का रडू, कळेना. आणि मामी? काल रात्रभर रडलेली बाई, खिडकीत ताठ उभी राहिली आणि गाय बाजारात बघावी तसे सवाल करायला लागली!

“अण्णा, तुमच्यात ते कुत्रं हाय ना, अंगावर येणारं?”

“बांधतो! मळ्यात नेऊन बांधतो!”

“आबा, तुमच्या थोरल्या सुनेच्या हातचं तिखट जाळ असतं. पोरीला सोसणार न्हाई.”

“मिरची बंद! घरात मिरची आणली तर बघा!”

“अळिवाचे लाडू कोण करणार?”

“आमच्यात!” दोघंही एकदम.

मामींनी बराच वेळ घेतला. मला ठाऊक होतं, त्या मजा घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “राहील अण्णांच्यात, खाली खोली हाय म्हणून. दूध आबांच्यातनं. आणि आणायला आबांची जीप जाईल. आबा स्वतः पुढं बसतील.”

आबा लगेच खूश. आणायला जाण्याचा मान म्हणजे काय थोडा मान?

ऊन चढायच्या आत जीप आली. वेशीपाशी बांबू बाजूला टाकलेले होते, त्यांवरून उड्या मारत पोरं मागं धावत येत होती, पारावर पुन्हा ताशा सुरू झाला होता. जीप आमच्या घरापुढं थांबली, कारण मामींनी तसं बजावलं होतं. आबांनी दार उघडलं. स्नेहल हळूहळू उतरली, एक हात कमरेवर, मास्कच्या वर नुसते डोळे. तिनं माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. पुढं पाऊल टाकलं, तर आबांनी अलगद काठी आडवी धरली. “हिथूनच, बाळा.”

“आई,” स्नेहल म्हणाली. तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

मामींनी गजांमधून हात बाहेर काढला, मग आठवून आत घेतला. “रडू नकोस,” त्या म्हणाल्या. “जरा वळ. वळ की. सगळीकडनं बघू दे मला.”

आणि माझी नणंद भर रस्त्यात, अख्ख्या गावादेखत, पोटावर हात धरून सावकाश वळली. नवं परकर-पोलकं आईला दाखवणाऱ्या पोरीसारखी. ताशेवाला थांबला होता. अण्णा दुसरीकडं बघत नाक ओढत होते. ती पूर्ण वळून पुन्हा खिडकीसमोर आली, तेव्हा मामींनी गजाला कपाळ टेकवलं.

“आली गं,” त्या मला म्हणाल्या, रस्त्यापलीकडून. “आली माझी लेक माहेराला.”